परक्या गाडीचे इंजिन : बसणे आणि जुळणे

मोटारगाडीचे इंजिन निकामी झाले, म्हणजे मालकापुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला मार्ग आहे त्याच इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीचा. सिलिंडर बोअर करून घ्यावयाचे, क्रँक घासून घ्यावयाचा आणि पिस्टन, रिंगा व बेअरिंगे नवी घालावयाची. दुसरा मार्ग म्हणजे त्याच जातीच्या गाडीचे दुसरे इंजिन मिळवून ते जागच्या जागी बसविणे. तिसरा मार्ग ह्या दोहोंहून निराळा आणि अधिक मोह घालणारा आहे. तो म्हणजे वेगळ्याच गाडीचे इंजिन आणून आपल्या गाडीत घालणे. प्रस्तुत प्रकरणात आपण ह्या तिसऱ्या मार्गाचा विचार करणार आहोत.

ह्या विषयासंबंधी बोलताना गॅरेजमध्ये 'बसते' हा शब्द वारंवार कानी पडतो. अमुक गाडीचे इंजिन तमुक गाडीत 'बसते', असे मिस्त्री सांगतो आणि मालक निश्चिंत होतो. परंतु बसणे आणि जुळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोखंडी पट्ट्या कापून व जोडून जवळजवळ कोणतेही इंजिन कोणत्याही गाडीत बसविता येईल. ते त्या गाडीच्या गिअरबॉक्सशी, रेडिएटरशी, स्प्रिंगांशी, ब्रेकशी आणि अखेरीस सरकारी कागदपत्रांशी जुळेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधी शोधले नाही, तर पुढे ते रस्त्यावर मिळते आणि त्याची किंमत कधी पैशांत, तर कधी माणसांच्या जीवितात मोजावी लागते.

भारतात ही प्रथा का रुजली

१९८०च्या दशकाच्या आरंभापर्यंत भारतातील खाजगी मोटारींचे जग फार लहान होते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अॅम्बॅसडर, मुंबईच्या कुर्ल्यातून फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि मद्रासहून स्टँडर्ड अशी तीनच घराणी प्रमुख होती. नव्या गाडीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. त्यामुळे असलेली गाडी टिकविण्याची कला येथे जितकी वाढली, तितकी अन्यत्र क्वचितच वाढली असेल. अॅम्बॅसडरचा जाड पत्र्याचा सांगाडा सहजी मोडत नसे. इंजिन मात्र त्याच्या आधी झिजे. मजबूत देह आणि थकलेले यंत्र अशी विषम स्थिती झाली, म्हणजे मालकाची दृष्टी साहजिकच दुसऱ्या इंजिनाकडे वळे.

दुसरे कारण इंधनाच्या किमतीचे होते. भारतात दीर्घकाळ डिझेल हे पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त ठेवण्यात आले होते. पेट्रोलची किंमत २०१० साली आणि डिझेलची २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाली; तोपर्यंत ही तफावत कमीअधिक प्रमाणात टिकून राहिली. दररोज शंभर किलोमीटर गाडी चालविणाऱ्या टॅक्सीवाल्याला ह्या तफावतीत आपल्या संसाराचा खर्च दिसत असे. पेट्रोलचे इंजिन बंद पडले की तो तेच पुन्हा दुरुस्त न करता डिझेलचे इंजिन शोधू लागे. दिल्लीचे मायापुरी, कलकत्त्याचा मल्लिक बाजार, मद्रासचे पुदुपेट, मुंबईतील कुर्ला ह्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांनी त्याची गरज भागविली.

ह्यांतील सर्वांत सोपा बदल अॅम्बॅसडरच्या मालकाच्या वाट्याला आला. ह्या गाडीचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील होते. पुढे कारखान्याने डिझेलची अॅम्बॅसडर काढली. तिचे इंजिनही त्याच मालिकेतील आणि तितक्याच, म्हणजे १४८९ सीसी क्षमतेचे होते. दोन्ही यंत्रे एकाच घराण्यातील असल्यामुळे बदल करणे फारसे अवघड नव्हते. येथे बसणे सोपे होते. जुळण्याचे मोल मात्र वेगळ्या रूपाने द्यावे लागले. पेट्रोल इंजिनाची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती होती, तर डिझेलची सुमारे ३७. गाडी तीच, प्रवासी तितकेच, सामानही तेवढेच, परंतु ओढणारी शक्ती एक चतुर्थांशाने घटलेली. शहरातील टॅक्सीला हे चालून गेले. घाटात मात्र चालकाला खालच्या गिअरमध्ये फार वेळ काढावा लागे.

प्रथम रोगाचे निदान

दुसरे इंजिन शोधण्यापूर्वी पहिले का गेले, हे निश्चित केले पाहिजे. पुष्कळ मालक हा टप्पा वगळतात. इंजिन तापून गेले असेल, तर त्याचे मूळ गाळाने भरलेल्या रेडिएटरमध्ये असू शकते. बेअरिंगे गेली असतील, तर तेलाच्या पंपाकडे किंवा तेल बदलण्यातील हयगयीकडे पाहावे लागते. पिस्टन व सिलिंडर अकाली झिजले असतील, तर फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेलेली असण्याचा संभव असतो. ह्यांपैकी रेडिएटर, नळ्या आणि फिल्टर ह्या वस्तू बहुधा जुन्या गाडीतच राहतात. ज्या दोषाने पहिल्या इंजिनाचा बळी घेतला, तोच दोष मग नव्याचीही वाट पाहत तेथेच बसून असतो.

आता एक इंजिन काढून दुसरे घालताना कोणकोणत्या गोष्टी जुळवाव्या लागतात, ते क्रमाने पाहू.

जागा आणि आधार

इंजिन रबरी माउंटिंगवर टेकलेले असते. त्याचे वजन पेलणे आणि त्याची थरथर सांगाड्यापर्यंत पोचू न देणे, अशी दोन कामे हे रबर करते. डिझेल इंजिनात संपीडनाचे प्रमाण पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे त्याचे धक्के जोरदार असतात, विशेषतः मंद गतीवर. पेट्रोल इंजिनाच्या माउंटिंगवर डिझेल बसविले, तर रबर लवकर फाटते आणि वेल्डिंग केलेल्या पट्ट्यांना चिरा पडू लागतात. म्हणून आधार नव्या इंजिनाच्या वजनाप्रमाणे व थरथरीप्रमाणे नव्याने करावे लागतात.

इंजिनाखालचे तेलाचे चेंबर पुढच्या आडव्या तुळईवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर आपटणार नाही, हेही पाहावे लागते. ते आपटू नये म्हणून इंजिन वर उचलले, तर त्याचा कल बदलतो. कल बदलला की प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांचे कोन बदलतात. मग ठराविक वेगावर गाडी थरथरू लागते आणि त्या थरथरीचे कारण मात्र कोणालाच सापडत नाही. एका ठिकाणी केलेली तडजोड अशी दुसऱ्या ठिकाणी प्रकट होते. ह्या साऱ्या विषयाचे मर्म ह्यातच आहे.

क्लच आणि गिअरबॉक्स

इंजिन आणि गिअरबॉक्स हे एकाच अक्षावर फिरतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या मागील टोकातील एका लहान बेअरिंगमध्ये टेकलेले असते. दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रे जोडताना मध्ये एक जाड पोलादी तबकडी घालावी लागते. ती लेथवर अचूक काढलेली हवी. दोन्ही अक्षांत केसाएवढे अंतर पडले, तरी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग व क्लच हळूहळू नष्ट होतात. गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते. बिघाड काही महिन्यांनी उघडकीस येतो. तोवर मिस्त्रीचे पैसे चुकते झालेले असतात.

शक्तिशाली इंजिन आणि जुना गिअरबॉक्स हे आणखी एक विजोड लग्न होय. गिअरचे दाते किती अश्वशक्ती सोसतात, हा प्रश्न येथे गौण आहे. ते किती पीळ सोसतात, हे महत्त्वाचे. ह्या पिळालाच यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात. दोन इंजिनांची अश्वशक्ती सारखी असली, तरी जे कमी फेऱ्यांत ती निर्माण करते, त्याचा पीळ अधिक असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्सही घ्यावा, हा अनुभवी मिस्त्रींचा नियम शास्त्राला धरून आहे. कारखान्यानेही हाच नियम पाळला. १९९०च्या दशकाच्या आरंभी अॅम्बॅसडरला इसुझू घराण्याचे १८१७ सीसीचे, सुमारे ७५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन देण्यात आले. तेव्हा जुना चार गिअरांचा गिअरबॉक्स तसाच ठेवला नाही. पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स आला आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपासून निघून खाली मधोमध आला.

फेऱ्यांचे गणित

मागील आसाच्या डिफरन्शियलचे प्रमाण मूळ इंजिनाच्या स्वभावानुसार ठरविलेले असते. हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, चाकाचा परीघ २ मीटर आहे, डिफरन्शियलचे प्रमाण ४.५ आहे आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये गिअरबॉक्स कोणताही बदल न करता फेरे पुढे देतो. इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे घेत असेल, तर चाक १,००० फेरे घेईल. गाडी मिनिटाला २,००० मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर जाईल.

आता त्याच गाडीत ३,६०० फेऱ्यांवर मर्यादित केलेले डिझेल इंजिन घातले. चाकाला ८०० फेरे मिळतील आणि गाडीचा कमाल वेग ताशी ९६ किलोमीटर होईल. नेहमीच्या प्रवासातही इंजिन आपल्या मर्यादेच्या निकट ओरडत राहील. डिफरन्शियल ४ प्रमाणाचे घातले, तर तेच इंजिन ताशी १०८ किलोमीटर देईल. पण चढावर चाकांना मिळणारा पीळ त्याच हिशेबाने घटेल. डिझेल बसवूनही अपेक्षित बचत होत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचे मूळ अनेकदा ह्या न केलेल्या गणितात असते.

उष्णता

इंधन जळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच फार तर चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराड्यावाटे व रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. ५० अश्वशक्तीसाठी केलेला रेडिएटर ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला अपुरा पडणे स्वाभाविकच आहे. थंडीच्या दिवसांत ही उणीव झाकली जाते; वैशाखात, भरलेल्या गाडीने घाट चढताना ती उघडी पडते. रेडिएटर बदलताना पंखा त्याच्या मध्यावर येतो की नाही, हेही पाहावे. नवे इंजिन दोन बोटे खाली बसले असेल, तर पंखा जाळीच्या खालच्या भागावरच वारा ओढत राहतो.

वजन आणि ब्रेक

येथे प्रश्न सुरक्षिततेचा येतो. डिझेल इंजिन तेवढ्याच क्षमतेच्या पेट्रोल इंजिनापेक्षा सामान्यतः जड असते आणि ते जादा वजन सर्वस्वी पुढच्या आसावर पडते. अॅम्बॅसडरच्या पुढच्या भागात पिळल्या जाणाऱ्या पोलादी दांड्या, म्हणजे टॉर्शन बार, स्प्रिंगचे काम करीत. जड इंजिनाने गाडीचे नाक खाली झुकले की ह्या दांड्यांचे बसणे बदलून ते वर उचलीत असत. त्यामुळे उंची सुधारे, परंतु दांडीचा कडकपणा तिळमात्रही वाढत नसे. गाडी पूर्ववत दिसे. वळणावर मात्र पूर्ववत वागत नसे.

ब्रेकच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म धोका आहे. ज्या गाड्यांत ब्रेकला निर्वाताचे साहाय्य असते, त्यांत हे निर्वात पेट्रोल इंजिनाच्या आत येणाऱ्या हवेच्या नळीतून आपोआप मिळते. डिझेल इंजिनात हवा अडविणारी झडप सामान्यतः तसे काम करीत नाही. म्हणून त्यास स्वतंत्र निर्वात-पंप लागतो. तो जोडावयाचा राहिला, तर इंजिन सुरेख चालते, गाडी नीट पळते आणि ब्रेक मात्र दगडासारखा कठीण होतो. बसलेले इंजिन आणि जुळलेले इंजिन ह्यांतील अंतर दाखविणारे ह्याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

इंधन आणि वीज

डिझेलला स्वतंत्र फिल्टर, पाणी वेगळे करण्याची सोय आणि नोझलमधून परत येणाऱ्या इंधनासाठी टाकीपर्यंत जाणारी दुसरी नळी लागते. अधिक संपीडनावर मात करण्यासाठी स्टार्टर बळकट हवा आणि बॅटरीही मोठी हवी. अलीकडच्या गाड्यांत हा भाग सर्वांत कठीण झाला आहे. त्यांचे इंजिन संगणकीय नियंत्रकाच्या आज्ञेवाचून सुरूच होत नाही. हा नियंत्रक चावीतील सांकेतिक खूण, चाकांचा वेग आणि धुरातील ऑक्सिजन ह्यांची सतत विचारपूस करीत असतो. पूर्वीचा मिस्त्री हातोडी व लेथ ह्यांच्या बळावर जे साधू शके, ते आता तारांच्या जुडग्यापाशी येऊन थांबते.

कारखान्यांचे धडे

ही अडचण केवळ रस्त्यावरच्या गॅरेजचीच होती, असे मानण्याचे कारण नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा ही ऐसपैस गाडी बाजारात आणली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सॉल गाडीवरून घेतलेला होता, तर इंजिन अॅम्बॅसडरचेच १४८९ सीसीचे होते. ते तेथे बसले, पण त्या जड देहाला पुरे पडले नाही. पुढे इसुझू इंजिन आले, तेव्हाच गाडीला तिच्या रूपाला साजेशी गती मिळाली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली रोव्हरच्या आकर्षक सांगाड्यात आपले जुने, सुमारे दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन घातले. इंग्लंडमध्ये त्याच सांगाड्याची कीर्ती साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनामुळे झाली होती. ही गाडी थोड्याच वर्षांत बंद पडली. उलट, प्रीमियर कंपनीने त्याच सुमारास फियाट १२४च्या सांगाड्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन घालून ११८ एनई ही गाडी काढली आणि ती पुष्कळ वर्षे चालली. सांगाडा इटलीचा, इंजिन जपानचे. परंतु हा संयोग जमला. परकेपणा हा स्वतः दोष नव्हे, हे ह्यावरून दिसते.

कायद्याची बाजू

इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२व्या कलमात गाडीतील फेरफारांविषयी तरतूद आहे. आरंभी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वसंमती घेणे, हा त्या कलमाचा गाभा होता. २००० सालच्या दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, असे आता त्याचे स्वरूप आहे. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच विहित अटींवर बसविण्यास मात्र त्यात मुभा आहे. वायुइंधनाचे किंवा विजेवर चालणारे असे संच पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत तपासले जातात. २०१९च्या दुरुस्तीने बेकायदेशीर फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या आहेत.

सामान्य मालकाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा : त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन घालून त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घेता येते. निराळ्या गाडीचे इंजिन घालण्याची जी सवलत जुन्या काळी संमतीने मिळू शके, तिच्यावर आज विसंबून राहता येणार नाही. पैसे खर्च करण्यापूर्वी कार्यालयात लेखी विचारणा करणे हाच शहाणपणा होय.

क्रमांकाची ही नोंद निरर्थक नाही. मेरठचा सोतीगंज हा सुट्या भागांचा बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी कुप्रसिद्ध झाला होता आणि २०२१ साली पोलिसी कारवाईने तो बंद पडला. ज्या इंजिनाची पावती नाही, किंवा ज्याचा क्रमांक घासलेला आहे, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. अपघात झाल्यास नोंदणीपुस्तकाशी न जुळणाऱ्या गाडीच्या नुकसानभरपाईवर विमा कंपनी हरकत घेऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

निर्णय कसा घ्यावा

सरतेशेवटी हिशेब राहतो. समजा, रूपांतराचा सर्व खर्च ८०,००० रुपये झाला आणि इंधनात किलोमीटरमागे २ रुपये वाचले. खर्च भरून निघण्यास ४०,००० किलोमीटर धाव लागेल. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीला त्यासाठी सोळा महिने पुरतील. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या घरगुती गाडीला मात्र सहा वर्षे आठ महिने लागतील आणि तितकी वर्षे त्या गाडीचा सांगाडाच टिकणार नसेल, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. ह्या हिशेबात माउंटिंग, रेडिएटर, बॅटरी, क्लच आणि स्प्रिंगा ह्यांचा खर्च धरला आहे ना, हे मिस्त्रीला स्पष्ट विचारावे. केवळ इंजिनाची किंमत म्हणजे रूपांतराची किंमत नव्हे.

जुन्या काळी ज्यांनी असा बदल नियमानुसार केला आणि ज्यांच्या गाड्या अजून जतन केलेल्या आहेत, त्यांच्यासाठी शेवटची एक सूचना उपयोगी पडेल. गाडीत एक वही ठेवावी. इंजिन कोणत्या गाडीचे, क्लचची तबकडी कोणाची, पंख्याचा पट्टा व तेलाचा फिल्टर कोणत्या मापाचा, पाण्याची नळी कोठून घेतली, हे तीत लिहावे. मूळ गाडीची पुस्तिका आता ह्या गाडीला लागू पडत नाही; जिने हे सारे भाग एकत्र आणले, ती माहिती बहुधा एकाच मिस्त्रीच्या डोक्यात असते. तो मिस्त्री नेहमी हाताशी असेलच असे नाही. परमुलखात रात्री गाडी अडली, तर अनोळखी कारागिराला गाडीचे नाव सांगून काही कळणार नाही. ती वही पाहून मात्र कळेल.